हिरवळीचे बारा महिने



नाशिकमध्ये 'लॉन्स' म्हटलं की आधी आठवतं ते लग्नाचं कार्यालय. पत्रिकेवर खाली ठळक अक्षरांत अमुक लॉन्स, तमुक लॉन्स. कमानीला विजेच्या माळा, आत जेवणाच्या रांगा आणि पायाखाली असलंच तर गालिच्याआड गुदमरलेलं गवत. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या लॉन्सविषयी नाही. बंगल्यापुढची दहा बाय वीस फुटांची हिरवळ, रो-हाऊसच्या मागची पट्टी, सोसायटीच्या मोकळ्या जागेतला हिरवा तुकडा, यांची कोणत्या महिन्यात काय काळजी घ्यायची, ते सांगायला आलो आहोत.

आम्ही म्हणजे इंदिरानगर भागातल्या एका कॉलनीतल्या सातजणी. बागकामाचं शिक्षण आमच्यापैकी एकीचंही नाही. दोघी निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी घरातल्या, त्यांना माती कळते. बाकीच्या पाचजणींना चार वर्षांपूर्वी खुरपं कसं धरायचं हेही नीट माहीत नव्हतं. कॉलनीच्या मोकळ्या जागेत दोन गुंठ्यांची हिरवळ आहे. ती 'तुम्हीच बघा आता' म्हणून आमच्याकडे आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही ती जवळजवळ घालवली होती. म्हणून सुरुवात चैत्रापासून न करता वैशाखापासून करतो.

त्या वैशाखात बोअरचं पाणी उतरलं. रोज संध्याकाळी अर्धा तास पाइप धरायचा हा आमचा नेम होता. गवतावर पाणी चमकलं की आमचं समाधान. पाणी कमी झालं तसे टँकर सुरू झाले आणि कॉलनीत कुजबुजही सुरू झाली. प्यायच्या पाण्याची मारामार आणि ह्या बायका गवताला पाणी घालतात! कुजबुजीची सभा झाली. सभेत ठराव आला, की गवत काढून सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकावेत, म्हणजे पाण्याचाही प्रश्न नाही आणि माळ्याचाही नाही. निर्णय पाऊस सुरू होईपर्यंत पुढे ढकलला, तोही आमच्यातल्या एका काकूंनी हट्ट धरला म्हणून. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या रोज सकाळी त्याच गवतावर चालायला शिकल्या होत्या.

घाबरून आम्ही आणखी एक चूक केली. गवत पिवळं पडतंय म्हणजे ते उपाशी आहे असं समजून दुपारी चार वाजता, कोरड्या जमिनीवर, मुठीमुठीने युरिया फेकला. वर थोडं पाणी शिंपडलं. तीन दिवसांत जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे तव्याएवढे तपकिरी डाग उठले. युरिया हे मिठासारखंच. कोरड्या मुळाशी गेलं की मुळातलंच पाणी ओढून घेतं.

मग आम्ही माळीदादांना विचारलं. खरं तर त्यांनी आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "ताई, गवत मेलं नाही, झोपलंय. मुळी ओढून बघा." बघितलं. वरची पाती वाळकी, कुरकुरीत. पण जमिनीलगत सरपटणारी काडी नखाने खरवडली तर आत पांढरट, ओली. गाठी घट्ट. ज्या काडीचं खरवडल्यावर भूस निघालं, ती मेलेली. तुमच्या अंगणातही आधी ही परीक्षा करा, मग पाण्याचा विचार करा.

आपल्याकडे जे लॉन लावतात त्यातलं बरंचसं हरळीच्या कुळातलं असतं. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळतं तेही त्यातलंच. हरळी म्हणजेच आपल्या गणपतीची दूर्वा. शास्त्रातलं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतकरी जिला शिव्या देतो, कारण नांगरून, वेचून, उन्हात टाकूनही ती एका गाठीतून परत फुटते, तीच ही. असं गवत उन्हाळ्यात पाणी तुटलं की वरचा संसार आवरतं आणि जीव खाली गाठींत ठेवतं. त्याला रोज शिंतोडे मारून जागं ठेवणं म्हणजे तापातल्या माणसाला दर तासाला हलवून उठवण्यासारखं आहे.

आता थोडा हिशेब, वही-पेन्सिल घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दोन गुंठे म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. आम्ही रोज पाच मिलीमीटर घालत होतो, म्हणजे रोज १,००० लिटर, म्हणजे पाच दिवसांत ५,००० लिटरचा एक टँकर, महिन्याला सहा. आणि ते सगळं वरच्या दोन बोटं मातीत राहून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जायचं. मुळंही मग तेवढ्यातच राहायची. झोपलेल्या गवताला जीव धरून राहायला पंधरा दिवसांतून एकदा बारा मिलीमीटर पुरतं. म्हणजे आमच्या जागेला अडीच हजार लिटर, महिन्याला एक टँकर. सहाच्या जागी एक! हा आकडा आम्ही सूचनाफलकावर लावला, तेव्हा कुजबुज जरा थांबली.

तुमची हिरवळ २०० चौरस फुटांची असेल, तर अशा एका पाण्याला सव्वादोनशे लिटर लागतील. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे आणि ज्यांना उन्हाळ्यातही हिरवंच हवंय, त्यांनीही रोज थोडं देण्यापेक्षा पाच-सहा दिवसांनी एकदम इंचभर द्यावं. तेवढ्याच जागेला ते साडेचारशे-पाचशे लिटर होतं, म्हणजे गच्चीवरची एक छोटी टाकी. पहाटे द्या, दुपारी नको. इंचभर झालं की नाही हे कसं कळणार? मिसळणाच्या डब्यातल्या सरळ काठाच्या वाट्या गवतावर ठेवा, पाणी सुरू करा, नंतर पट्टी घालून मोजा. आणि पाणी किती खोल गेलं ते बघायला विणकामाची जाड सुई मातीत खुपसा. ओल असेल तिथपर्यंत ती सरळ जाते, पुढे अडते. चार बोटं गेली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, त्यामुळे एका दमात वाहून जायला लागलं तर थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा द्या.

झोपलेल्या गवताला खत नाही, कापणी नाही. त्यावर खुर्च्या-टेबलं मांडून मुंजीच्या पंगती तर मुळीच नाहीत.

ज्येष्ठ लागला. वळवाच्या दोन सरी आल्या आणि आठ-दहा दिवसांत डाग सोडून बाकीच्या गवताने मान वर केली. युरियाचे डाग भरायला श्रावण उजाडला. पेव्हरचा ठराव सभेत आला तेव्हा काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी चप्पल काढून पलीकडच्या रस्त्याकडेच्या ब्लॉकवर उभं राहून या, मग हात वर करा." ऊन कलल्यावरही ते ब्लॉक चटके देतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. ठराव अर्धा पडला. अर्धा कसा, ते शेवटी सांगतो.

पाऊस स्थिरावायच्या आधीचा हा पंधरवडा हिरवळीसाठी सगळ्यात मोलाचा. उन्हाळ्यात दगडासारखी झालेली जमीन एक-दोन सरींनी मऊ झाली, की लोखंडी काट्याने किंवा टोकदार सळईने वीत-वीतभर अंतरावर चार बोटं खोल भोकं पाडायची. आम्ही रविवारी सकाळी सातजणी रांगेत उभ्या राहून हे करतो, बघणाऱ्यांना आम्ही भात लावतोय असं वाटतं. मग जुनं, कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि तेवढीच जाड वाळू एकत्र करून पसरायची. १०० चौरस फुटांना तीन-चार घमेली. हाताने किंवा झाडूने अशी सारवायची की पाती वर दिसत राहिली पाहिजेत. ताजं शेण घालू नका. त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणीलाही आवतण जातं.

हुमणीचं जरा सविस्तर सांगतो, कारण दुसऱ्या वर्षी तिने आम्हाला रडवलं. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेच पुढे मातीत अंडी घालतात आणि श्रावण-भाद्रपदात त्यांच्या अळ्या गवताची मुळं कुरतडतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. गवत ओढून बघावं तर सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं, खाली मुळंच नाहीत. साळुंक्या एकाच ठिकाणी टोचत बसल्या असतील तर तिथे फूटभर चौकोन खणून बघा. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी दिसेल. एखाद-दुसरी असली तर सोडून द्या. पाच-सहाच्या वर असतील तर मात्र हात घालावाच लागतो.

आमच्यातली निफाडकडची वहिनी म्हणाली, "शेतात आम्ही भुंगेऱ्यालाच धरतो, अळीपर्यंत थांबत नाही." तेव्हापासून ज्येष्ठात अंधार पडताना आम्ही कडुनिंबाखाली जुन्या चादरी अंथरतो, फांद्या हलवतो आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकतो. पोरांना ह्या कामाची फार हौस. दोन वर्षं चार-पाच संध्याकाळी एवढंच केलं आणि हुमणी आटोक्यात आली. अळ्या झाल्याच तर मेटारायझियम नावाची उपयुक्त बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती ओल असताना, संध्याकाळी, शेणखतात मिसळून टाकायची.

आषाढ-श्रावणात गवत इतकं वाढतं की कापणं हेच मुख्य काम. आपलं नाशिक पावसाच्या बाबतीत मधलं. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे ७०० च्या आसपास. त्यातला बराचसा ह्या दोन महिन्यांत, आणि तोही झडीने. नियम एकच: एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. दोन इंच वाढलं असेल तर सव्वा-दीड इंच राहू द्यायचं. फार वाढल्यावर एकदम बुडापासून भादरलं, की खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात आणि मधल्या मोकळ्या जागेत तण घुसतं. ओलं गवत कापू नका. मशिन अडकतं, पाती चुरगळतात आणि बुरशी धरते. पातं बोथट असेल तर कापलेली टोकं दोन दिवसांत पांढरी पडतात. तसं दिसलं की पातं धार लावायला द्या, खत आणायला धावू नका.

पाणी साचतं तिथे गवत गुदमरून पिवळं पडतं. त्याला औषध एकच, चर काढणं. पण पाणी साचत नसताना कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या अशा दिसल्या, तर तो लोहाचा तुटवडा. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारायचं. फरशीवर आणि भिंतीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जन्माचे राहतात. आमच्या गणपतीच्या ओट्यावर आहेत, येऊन बघा.

तणांत खरा वैरी लव्हाळा. दिसतो गवतासारखाच, पण काडी बोटांत फिरवली तर तीन कडा लागतात. वरून उपटला की खालच्या गाठीतून दोन येतात. पाऊस पडून गेल्यावर, माती सैल असताना, अरुंद खुरप्याने गाठीसकट काढायचा. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा घालतो ना, त्याच्याच कुळातला हा, गाठ फोडली की तसाच वास येतो. गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आत, हातात मोजे घालून उपटा. काहींना त्याने अंगाला खाज सुटते, दमाही उठतो.

तणनाशकाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे, आणि त्याला कारण आहे. एका वर्षी आम्ही कंटाळून बाहेरच्या माणसाकडून फवारणी करून घेतली. काय फवारलं ते त्याने धड सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चार दिवसांनी हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. पहाटे एका घरातली मुलगी परडी घेऊन त्याच गवतातून दूर्वा खुडून आली. तिने जुड्या बांधल्या, दोरा दातांनी तोडला. तिची आजी त्याच जुडीतल्या दूर्वांचा रस काढणार होती, दर वर्षी काढते. वेळेवर कुणाला तरी आठवलं. काही झालं नाही, पण सगळ्या जुड्या फेकल्या आणि ती सकाळ आम्हाला फार जड गेली.

तेव्हापासून श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत हिरवळीवर कसलीही रासायनिक फवारणी होत नाही. इतर वेळी करावीच लागली तर चारी कोपऱ्यांत लाल फडकी लावतो, डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ती काढत नाही, आणि कापलेलं गवत कुणाच्या गायीला देत नाही. शिवाय कुंपणाच्या भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी आम्ही पावसाळाभर कापतच नाही. कापलेल्या हिरवळीत तीन पानांचे कोंब धड मिळत नाहीत, त्या पट्टीत हवे तेवढे मिळतात. भाद्रपदात अख्ख्या कॉलनीच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या तिथून जातात.

आश्विनात, ऑक्टोबरच्या उन्हात, वर्षातलं शेवटचं खत. ज्यांना युरिया द्यायचाच असेल त्यांनी १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम, मोजून, ओल्या जमिनीवर, संध्याकाळी, आणि लगेच भरपूर पाणी. आम्ही आता त्याऐवजी निंबोळी पेंड आणि गांडूळ खत देतो. हळू लागू पडतं, पण डाग पडत नाहीत. कोजागिरीला दूध आटवायची शेगडी मात्र गवतावर मांडू नका. विटांवर ठेवली तरी खालचं गवत शेकतं. आमच्याकडे एक गोल टक्कल संक्रांतीपर्यंत राहिलं होतं.

थंडीत फार काही करायचं नसतं. निफाडला पारा उतरतो तेव्हा द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, तोच गारठा आपल्या गवतालाही बसतो. ते वाढायचं थांबतं, रंग मातकट होतो. ही दुसरी झोप. खत नको, दहा-बारा दिवसांनी एक पाणी, तेही ऊन वर आल्यावर. हळदीकुंकवाचा मांडव घातला तर खालची सतरंजी त्याच रात्री उचला. दोन दिवस झाकलेलं गवत पिवळंफटक होतं.

फाल्गुनात ते जागं होतं. आपण नाशिककर धुळवडीपेक्षा रंगपंचमीला रंग खेळतो, तेव्हा पाच दिवस थांबा. ओल्या गवतावर पन्नास माणसं नाचली की सगळी मेहनत चिखलात जाते. रंगपंचमी झाली की दाताळ्याने गवत विंचरायचं. खालचा वाळका कचरा पोतंपोतं निघतो. एकदा नेहमीपेक्षा बुटकं कापायचं, चाळलेलं खत द्यायचं आणि चैत्रात भरपूर पण अंतराने पाणी देऊन मुळं खाली न्यायची. वैशाखात हीच मुळं उपयोगी पडतात. कोरियन गवत असेल त्यांना कापणी कमी लागते. पण त्याचे उंचवटे होतात, ते दर दोन-तीन महिन्यांनी कात्रीने सारखे करावे लागतात. नवीन लावणाऱ्यांनी आधी ऊन मोजावं. पाच-सहा तास सरळ ऊन मिळत नसेल तर लॉनवर पैसे घालू नका, नर्सरीवाला काहीही म्हणो.

हेच आम्हाला उशिरा कळलं. कडुनिंबाखालच्या कोपऱ्यात आम्ही तीन वेळा गवत लावलं, तीनही वेळा गेलं. पेव्हरचा ठराव अर्धा मंजूर झाला तो ह्याच कोपऱ्यापुरता. ब्लॉक बसवताना आम्ही बोटभर फटी ठेवायला लावल्या, म्हणजे पाणी खाली मुरतं. तिथे आता दोन बाक आहेत. काकू गवतावर दहा फेऱ्या मारतात, मग पायात चप्पल घालून त्या बाकावर येऊन बसतात.

ह्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही भोकं पाडायला सुरुवात करतो आहोत. तुमच्या अंगणातलं एखादं तण ओळखता येत नसेल तर मुळासकट उपटून, पिशवीत घालून, आपल्या रेडिओच्या कार्यालयात शुक्रवारपर्यंत आणून द्या. पुढच्या भागात त्यांची नावं सांगू.